थोड्या बिंदूंत आकृति



घनाकृति म्हटली कीं शाळेंतील पुठ्ठ्याचा घन आपणांपैकीं पुष्कळांना आठवेल. त्याला ८ शिरोबिंदु, १२ कडा आणि ६ पृष्ठें असतात. आज घरोघरचीं मुलें संगणकाच्या पडद्यावर घरें, भांडीं, प्राणी घडवितात. त्या साऱ्या घडणीचा पाया याच तीन गोष्टी होत. बिंदूंना जोडणाऱ्या कडा आणि कडांनीं वेढलेलीं पृष्ठें मिळून जें होतें त्यास 'मेश', म्हणजे जाळें, म्हणतात. मातीच्या गोळ्याप्रमाणें तें भरीव नसतें. तें नुसतें कातडें असतें, आणि आंत पोकळी. हें जाळें कसें घडवावें व कसें सुधारावें, याविषयीं नवशिक्यांसाठीं चार शब्द सांगावयाचे आहेत. जवळ कागद-पेन्सिल असल्यास बरें.

यासाठीं 'ब्लेंडर' नांवाचें साधन सोयीचें आहे. त्याचा आरंभ हॉलंडमध्यें टॉन रूझेंडाल यांनीं १९९४ सालीं केला. पुढें तें बंद पडण्याची वेळ आली, तेव्हां २००२ सालीं वापरणाऱ्यांनीं वर्गणी करून एक लक्ष युरो जमविले आणि तें सर्वांसाठीं खुलें करून घेतलें. त्यामुळें अकोटच्या विद्यार्थ्यासहि तें एक पैसा न देतां मिळतें. तें उघडतांच समोर एक घन दिसतो. तो निवडून 'टॅब' ही कळ दाबली कीं त्याच्या जाळ्यांत हात घालतां येतो. मग अक्षरांच्या वरच्या ओळींतील १, २ व ३ या कळांनीं अनुक्रमें बिंदु, कडा व पृष्ठें निवडतां येतात.

आतां नमुना कोणता घ्यावा? दूर कशाला जावयाचें? आपल्याच अकोट तालुक्यांत, सातपुड्याच्या माथ्यावर, नरनाळ्याचा किल्ला आहे. त्याचा महाकाळी दरवाजा बहामनी काळांत, १४८६ च्या सुमारास, पांढऱ्या वालुकाश्मांत बांधलेला आहे. मध्यें कमान, तिच्यावर कमळें आणि कोरीव लेख, दोहों बाजूंस पुढें आलेले सज्जे, आणि सज्ज्यांना दगडी जाळ्या. दगडांतील जाळी पडद्यावरच्या जाळ्यांत उतरवावयाची, असा हा धडा आहे.

दरवाज्याचा डावा व उजवा भाग ढोबळ मानानें सारखा असल्यामुळें अर्धाच घडवावा. घनाच्या मधोमध एक छेद द्यावा, एक बाजू पुसून टाकावी आणि 'मिरर' ही सोय लावावी. दुसरा अर्धा आरशांतल्याप्रमाणें आपोआप उमटतो. छेद देण्यासाठीं 'कंट्रोल' व 'आर' या कळा एकत्र दाबाव्या. सज्जा पुढें काढावयाचा असेल तर तेथील पृष्ठ निवडून 'ई' दाबावें. पृष्ठ भिंतींतून बाहेर ओढलें जातें. पृष्ठाच्या आंत चौकट हवी असल्यास 'आय' दाबावें, आणि ती चौकट 'ई'नें आंत ढकलावी, म्हणजे कोनाडा तयार होतो. दगडाची कड सुरीच्या धारेसारखी कधींच नसते. म्हणून 'कंट्रोल' व 'बी' यांनीं ती किंचित् मोडावी. तेथें उजेड पडला कीं दगड दगडासारखा दिसूं लागतो.

येथें एक खोड सांगून ठेवितों. 'ई' दाबल्यावर मन बदललें आणि उजव्या बटणानें क्रिया रद्द केली, तर रद्द होतें तें फक्त सरकणें. नवे बिंदु जुन्या बिंदूंवर तसेच बसून राहतात. घनाच्या वरच्या पृष्ठावर असें झालें, तर डोळ्यांना घन जसाच्या तसा दिसतो, पण मोजणींत ८ ऐवजीं १२ बिंदु निघतात. त्यावर उपाय सोपा आहे: 'ए'नें सर्व निवडावें, 'एम' दाबावें आणि 'बाय डिस्टन्स' हा पर्याय घ्यावा, एकमेकांवर बसलेले बिंदु एक होतात. तसेंच एखादें पृष्ठ उलटें, म्हणजे आंतली बाजू बाहेर करून, बसलें असेल तर 'शिफ्ट' व 'एन' यांनीं सर्व पृष्ठांचीं तोंडें बाहेर वळवावीं.

पृष्ठें शक्यतों चौकोनी ठेवावीं. अकोटच्या सतरंज्या आपण जाणतोंच. आडवा धागा एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत सरळ जातो, म्हणून वीण सारखी येते. पडद्यावरचा छेदहि चौकोनांच्या रांगेंतून असाच धांवतो. वाटेंत त्रिकोण किंवा पंचकोन आला कीं तेथेंच थांबतो. एडविन कॅटमल व जिम क्लार्क यांनीं १९७८ सालीं जाळें गुळगुळीत करण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तीहि चौकोनांवर उत्तम चालते. तींत दर खेपेस एका चौकोनाचे चार होतात: घनाच्या ६ पृष्ठांचीं २४, मग ९६, मग ३८४. हीं सारीं यंत्र करतें. आपण मात्र मूळच्या ६ पृष्ठांवरच हात ठेवावा.

नवशिक्याचा मोह याच्या उलट असतो. आकार जमेना कीं तो आणखी छेद देतो. शंभर बिंदूंचे हजार होतात, साधा संगणक धांपा टाकूं लागतो, आणि एक बिंदु हलविला तर शेजारीं खळगा पडतो. फळ्यावर तापीचा प्रवाह काढतांना आपण प्रत्येक वळसा काढीत नाहीं. नदी जेथें दिशा बदलते तेथेंच खडू वळवितों. तोच नियम येथें लावावा: आकार जेथें वळतो तेथेंच बिंदु ठेवावा. अर्ध्या कमानीला सात-आठ बिंदु पुरतात. जेथें वांक अधिक तेथें ते जवळजवळ, जेथें कमी तेथें दूरदूर.

आणि कमान नेमकी कोठें वळते, हें कळण्यासाठीं ती पाहावी लागते! छायाचित्रांत दाराचें एकच तोंड दिसतें. जाळें मात्र आपणांस विचारतें: सज्जा भिंतीपासून किती पुढें आला आहे? भिंतीची जाडी किती? तयार आकृति आज क्षणांत मागवितां येतात, यंत्रास तोंडीं सांगूनहि करवितां येतात. परंतु आपल्या दाराचें माप त्यांना कोणी दिलेलें नसतें. ऊनपावसानें झिजणाऱ्या दगडी जाळीची नोंद करावयाची, तर मोजपट्टी, वही आणि लक्षपूर्वक पाहणारे दोन डोळे हवेत. या सुटींत एखाद्या मुलास ही हौस लागली, तर वडील मंडळींनीं त्यास एकदां नरनाळ्यास घेऊन जावें, आणि पहिला दरवाजा शंभर बिंदूंच्या आंत बसविण्यास सांगावें.