अर्ध्याची किंमत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरात डुकराचं नुसतं नाव निघालं तरी अम्मी 'तौबा' म्हणायची. आज मी त्याच प्राण्याबद्दल बोलणार आहे, आणि त्याला कारणही अम्मीच.

२०२१ साली मी करोनाची लस घेतली. पुढं करोना झालाच. अम्मी म्हणाली, "मग सुई टोचून घेतलीस कशाला?" मी पडलो बी. ए. झालेला कवी. निरुत्तर झालो.

उत्तर दिलं पशुवैद्यक असलेल्या माझ्या भाच्यानं, आणि तेही नेदरलँड्समधल्या डुकरांचं उदाहरण देऊन. तिथं औयेस्की नावाच्या विषाणूजन्य रोगानं पिल्लं दगावत. शास्त्रज्ञांनी एका गटाला लस दिली, दुसऱ्याला नाही. मग दोन्ही गटांत काही डुकरांना मुद्दाम लागण केली. निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. लस नसलेल्या गटात एक बाधित डुक्कर सरासरी १० जणांना रोग देत होतं. लस दिलेल्या गटात अर्ध्याला!

अर्ध्याला म्हणजे? दहांकडून पाचांना, पाचांकडून दोघा-तिघांना. मग साखळीच तुटते. प्रत्यक्ष वराहपालनात, दाटीवाटीत, आकडा इतका खाली येईना. म्हणून लस सगळीकडे आणि पुन्हा पुन्हा द्यावी लागली. या लशीतल्या विषाणूतून एक प्रथिन काढून टाकलेलं होतं. त्यामुळे रक्त तपासून लस घेतलेलं डुक्कर कोणतं आणि रोग झालेलं कोणतं, हे ओळखता येई. अखेर तो देश या रोगातून मुक्त झाला.

त्याच देशात १९९७ साली क्लासिकल स्वाइन फीव्हर आला. त्यावरही गुणकारी लस होती. पण ती दिलेलं डुक्कर आणि रोग झालेलं डुक्कर रक्तावरून वेगळं ओळखता येत नसे. व्यापार अडेल म्हणून युरोपात ती नेहमीसाठी देणं बंद होतं. तेव्हा सुमारे १ कोटी डुकरं मारली गेली. त्यातली बहुतेक निरोगी होती.

डुकरांचे आकडे माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे मला कळतं. पण प्रश्न कसा विचारायचा, ते त्यांनी शिकवलं. 'मला झाला की नाही?' एवढंच विचारून भागत नाही. 'माझ्याकडून किती जणांना गेला?' हेही विचारावं लागतं.

अम्मीला हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "शिकलास ते बरं झालं. कुणाकडून, ते मोहल्ल्यात सांगू नकोस."