शिकणाऱ्या लेकराच्या पाठीशी
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विहाराच्या बांधकामाचा आणि रंगरंगोटीचा हिशेब समितीने मांडलाच आहे. आम्हाला दुसऱ्या एका हिशेबाबद्दल बोलायचे आहे. आपल्या वस्तीतलं पोरगं दहावीनंतर शेवटपर्यंत शिकायचं म्हटलं, तर पैसा नेमका कुठं अडतो, हा तो हिशेब.

बाबासाहेब किती शिकले हे आपण सारे सांगतो. पण त्या शिक्षणाचा पैसा कसा उभा राहिला, हे मुलांना फारसे सांगत नाही. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे अडतीस टक्क्यांच्या आतच. आजच्या गुणगौरवाच्या यादीत हे नाव बसले नसते! पण केळूसकर गुरुजींनी गुणपत्रिका पाहिली नाही, बागेत पुस्तक घेऊन बसणारा मुलगा पाहिला. त्यांनी शब्द टाकला आणि सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपये मिळू लागले. बी.ए.ची वाट मोकळी झाली. पुढे १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी महाराजांनीच दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली.

आता खरी गोष्ट ऐका. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून बाबासाहेबांना परत यावे लागले. एवढा विद्वान माणूस, पण पैशापायी अडला! मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पै पै साठवली. रमाईने घर कसे चालवले, ते त्या माउलीलाच ठाऊक. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी ५,००० रुपये उसने दिले, तेव्हा १९२० साली पुन्हा लंडन गाठता आले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. राजाची शिष्यवृत्ती होती, तरी पुरी पडली नाही. स्वतःची बचत आणि मित्राची उसनवारी त्यात घालावी लागली.

आज सरकारी योजना आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिला अडीच लाख रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राकडून मिळतात. हे हक्काचे आहे, ते सोडायचे नाही.

पण घरात काय होतं? प्रवेश जून-जुलैत असतो आणि शिष्यवृत्ती खात्यात मागाहून येते. मधल्या काळात परीक्षा फी, पुस्तकं, एस.टी.चा पास, खोलीचं भाडं कुणी भरायचं? उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आधारला जोडलेलं बँक खातं, यातला एक कागद राहिला की अर्ज अडकतो. बाप नाक्यावर, आई धुण्याभांड्याला. कागदासाठी खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. मग पोरगं म्हणतं, "जाऊ द्या, मी कामालाच लागतो." आणि एकदा कामाला लागलेलं पोरगं वर्गात परत येणं फार अवघड असतं.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, शिक्षण निधी. शंभर घरांनी दर पौर्णिमेला वीस रुपये टाकले, तर वर्षाचे चोवीस हजार होतात. ते बिनव्याजी उसने द्यावेत. शिष्यवृत्ती आली की परत यावेत, म्हणजे तेच पैसे पुढच्या लेकराच्या कामी येतील. ज्याची शिष्यवृत्ती कायमचीच अडली, त्याच्यामागे वसुलीचा तगादा नको.

दुसरी, कागदांचा रविवार. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी एप्रिल-मे महिन्यांत दर रविवारी विहारात बसावे आणि नववी ते बारावीच्या मुलांचे दाखले तपासावेत. उणीव मे महिन्यात कळली तर धावपळ करता येते, ऑगस्टमध्ये कळून काय उपयोग?

तिसरी गोष्ट जपायची आहे. कुणाला किती दिले, हे माईकवर सांगायचे नाही, फोटो काढायचा नाही. गुणगौरव जरूर करा, ट्रॉफी द्या. पण पंचेचाळीस टक्के मिळवून रात्रपाळी करत शिकणाऱ्या पोरालाही विचारा, "बाळा, फी भरली का?" आणि मुलीच्या बाबतीत हा प्रश्न दोनदा विचारा, कारण घरात पैसा कमी पडला की आधी तिचंच दप्तर खुंटीला लागतं.

विहाराच्या भिंती आपण वर्गणीतून उभ्या केल्या. त्याच वर्गणीच्या वहीत आज एक नवे पान उघडावे, एवढीच सर्वांना कळकळीची विनंती. पहिल्या पानावर आमची नावे लिहून घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!