पोरांस रोज एक तास

आम्ही सांगलीकडील माणसे उसाच्या फडात, सुतारमेटावर राबून सांजेस घरी येतो. पोर दप्तर टाकते न टाकते तोच त्यास म्हशीची वैरण, धाकट्याचा पाळणा आम्हीच सांगतो. आणि धडा वाचताना ते अडखळले की धपाटाही त्याच्याच पाठीत! हा न्याय कोणता? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथील पोरांच्या भाकरीसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ती पोरे त्यांच्या पोटची नव्हती. ही तर आपली आहेत. येथे सोने मोडायचे नाही. सांजेस एक तास पोरास काम सांगू नये, हाती मोबाईलही देऊ नये. जवळ बसवून ‘आज काय शिकलास?’ एवढे विचारावे. जिला अक्षर येत नाही त्या आईनेही विचारावे. तिला सांगता सांगताच पोराचा धडा पक्का होतो.