ढोम्याचा दूरचा भाऊबंद

मंडळी, ढोमा आणि घोळ हे मासे आवाज काढतात, हे आपल्या कोकणच्या कोळ्यांना सांगायला नको. पोटातली हवेची पिशवी, म्हणजे बोत, थरथरवून ते गुरगुरतात. याच कुळातला एक तांबूस मासा अमेरिकेत टेक्सासच्या खाड्यांत असतो. शेपटीपाशी काळा ठिपका. त्याचं नावच 'रेड ड्रम', तांबडा ढोल!

हौसेनं गळ टाकणाऱ्यांचा हा लाडका, आणि खाणाऱ्यांचाही. त्यामुळं तो कमी होत चालला. १९८१ साली तिथं पकडलेला हा मासा विकण्यावरच बंदी आली. जाळीवाल्यांची भाकरी गेली, मासा हौशी लोकांच्या वाट्याला आला. त्यांची तक्रार खोटी होती असं मला तरी म्हणवत नाही.

पुढं कॉर्पस ख्रिस्ती इथं मत्स्यबीज केंद्र निघालं. हा मासा शरद ऋतूत अंडी घालतो. केंद्रात टाकीतला उजेड नि पाण्याची ऊब कमीजास्त करून ऋतू आल्याचं त्याला भासवतात. फसवतातच की! पिलं तळ्यात इंचभर वाढली की खाडीत सोडतात.

पण नुसती पिलं सोडून भागत नाही. २० इंचांहून लहान मासा तिथं ठेवता येत नाही, अन् २८ इंचांहून मोठा बहुधा परत सोडावा लागतो. लहान का, ते कळतं. मोठा का? हा मासा ४० वर्षंही जगतो, आणि थोराड मादी लाखो अंडी टाकते.

आपल्याकडं मात्र घोळ जितका मोठा, तितकं त्याच्या बोताला मोल अधिक.