देहदुर्गाचा तट
(लोणावळे येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



लोहगड येथून फार दूर नाही. त्याचे चार दरवाजे आपणांपैकी पुष्कळांनी ओलांडले असतील. गडाचे रक्षण प्रथम तट करतो. शिबंदीची खरी कसोटी तट फुटल्यावर लागते. आपल्या देहाची व्यवस्था अशीच आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रतिकारशक्ती म्हटले की आपल्याला लस आठवते. परंतु जन्मतःच लाभलेल्या उपजत प्रतिकारशक्तीचा पहिला आधार आपली त्वचा होय. तिचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असून त्या कौलांप्रमाणे एकीवर एक रचलेल्या व स्निग्ध द्रव्याने सांधलेल्या असतात. तिचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असल्याने पुष्कळशा रोगजंतूंना तेथे थारा मिळत नाही.

डोळे, नाक, तोंड हे देहाचे दरवाजे. तेथे श्लेष्मल त्वचा पहारा करते. श्वासनलिकेतील चिकट स्रावात धूळ व जंतू अडकतात आणि केसांसारखे सूक्ष्म तंतू त्यांना घशाकडे लोटतात. अश्रू व लाळ यांत जंतुनाशक द्रव्य असते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते १९२२ मध्ये जगापुढे मांडले. तट भंगलाच, तर त्वचेच्या पेशी इशारा देतात आणि रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात. जखमेभोवतीची लाली, ऊब व सूज ही त्याच झुंजीची खूण.

आता आपल्या मावळाकडे वळू. भातलावणीच्या दिवसांत चिखलात राबणाऱ्यांच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. आपण त्या क्षुल्लक मानतो. परंतु सतत पाण्यात राहून त्वचेचा बाह्य थर फुगतो, स्निग्धता धुऊन जाते आणि तटास खिंडार पडते. उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातील लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच वाटेने शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत जलप्रलय झाला. पाणी ओसरल्यावर या रोगाने कित्येकांचे प्राण घेतले.

म्हणून शेतातून परतताच पाय स्वच्छ धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात. पायास जखम असता चिखलात उतरू नये; उतरणे भागच असेल तर गमबूट घालावेत. लावणीच्या दिवसांत ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्यास घरगुती काढ्यांवर विसंबू नये. वेळीच डॉक्टर गाठून शेतकामाची हकीकत सांगावी. आणि भगिनींनो, मिश्री सोडा. ती तोंडातील श्लेष्मल त्वचेचाच घात करते.

शेवटी एक विनंती. आपण ज्ञातीच्या हितासाठी येथे जमलो आहोत. रोगजंतू मात्र ज्ञात पाहत नाहीत. ज्यांची शेते आहेत त्यांनी लावणीस येणाऱ्या बायाबापड्यांच्या पायांचीही चिंता वाहावी. आपल्या ताटातील भात त्या पायांवर उभा आहे.