फोनवर चोरून कान

फोन टॅपिंगचा अधिकार सरकारला 1885 च्या भारतीय तार कायद्याने दिला. मात्र सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, या दोनच प्रसंगी तो वापरता येतो. ही अट शंभर वर्षांहून अधिक काळ जवळपास कागदावरच राहिली, कारण तिच्या अंमलबजावणीचे नियमच नव्हते.

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव भरून काढली. फोनवरचे बोलणे हा खासगीपणाचाच भाग ठरला. आदेश गृहसचिवांचा हवा, तो दोन महिनेच चालेल, वाढवला तरी सहा महिन्यांपुढे नाही आणि समितीकडून त्याचा फेरआढावा व्हावा, असे बंधन आले.

या नियमांची खरी कसोटी मुंबईत लागली. बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप असलेल्या एका व्यावसायिकाचा फोन टॅप झाला होता. लाचखोरी गंभीर खरीच. पण तिच्यामुळे जनतेच्या सुरक्षिततेला कोणता धोका होता? ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने टॅपिंगचे तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. गुन्हा शोधायचा म्हणून कायदा मोडता येत नाही, हे त्यातून ठळक झाले.

2023 च्या दूरसंचार कायद्यातही त्याच दोन अटी आहेत. मोठी त्रुटीही तशीच आहे: आदेश सरकारी अधिकारी देतात, फेरआढावाही अधिकारीच घेतात, टॅपिंगपूर्वी न्यायाधीशाची परवानगी आजही लागत नाही.