चाळिशीनंतरची धाव

वाचताना डोळ्यांवर चढवाव्या लागणाऱ्या चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ असे नाव आहे. वय आणि उणीव यांना एकच शब्द देऊन भाषेने जणू निकालच देऊन टाकला आहे. चाळिशी उलटली की माणसाने जिना बेताने चढावा, जेवणात हात आखडता घ्यावा, संध्याकाळी देवळापर्यंत फेरी मारावी आणि धावण्याचे काम मुलाबाळांवर सोपवावे, असा आपल्या समाजाचा संकेत. अशा वयाचा एखादा संसारी गृहस्थ पहाटे उठून धावू लागला, आणि तेही नुसते पोट कमी करण्यासाठी नव्हे, तर शर्यतीत उतरून घड्याळाशी दोन हात करण्यासाठी, तर त्याच्या हेतूबद्दल शेजाऱ्यांना प्रथम कुतूहल आणि मग काळजी वाटू लागते.

श्रोत्यांनी जबलपूरच्या गोहलपुर भागातील असा एक गृहस्थ कल्पनेपुढे आणावा. जबलपूर मराठी माणसाला परके नाही. 1817 पर्यंत तेथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि पुढे 1956 पर्यंत नागपूर व जबलपूर एकाच प्रांतात नांदत होती. त्यामुळे कचेऱ्या, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने अनेक मराठी घराणी तेथे रुजली. गोहलपुर हा शहराच्या उत्तर अंगाचा जुना, दाट वस्तीचा भाग. नर्मदा मात्र दक्षिणेला, ग्वारीघाटावर. मध्ये दहाबारा किलोमीटरचे सारे शहर पसरलेले. आपल्या या कल्पित गृहस्थाचे वय पंचेचाळीस, हुद्दा कारकुनाचा, बैठक खुर्चीतली. पहाटे पाचला तो गल्लीतून निघतो तेव्हा त्याची पहिली गाठ कुत्र्यांशी पडते आणि दुसरी दूधवाल्याशी. “चचा, किसके पीछे भाग रहे हो?” हा प्रश्न पहिल्या आठवड्यात रोज येतो, दुसऱ्यात एखादे वेळी, तिसऱ्यात कोणी विचारीत नाही. घरातून मात्र “अहो, गुडघे जपा हं” हे वाक्य वर्षभर कानी पडत राहते. त्या वाक्यात जितकी माया आहे तितकेच शास्त्रही आहे.

कारण मध्यम वयाच्या धावपटूची पहिली फसगत हृदयाकडून होत नाही, पायांकडून होते. नियमाने धावू लागलेल्या माणसाचा दम दीड-दोन महिन्यांत सुधारतो. हृदय दर ठोक्याला अधिक रक्त फेकू लागते, स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे वाढते, आणि त्याला वाटते की विशी परत आली. परंतु स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांना रक्ताचा पुरवठा बेताचाच असतो. त्यांना घट्ट व्हावयास महिनेच्या महिने लागतात. दम पुढे धावतो आणि टाच मागे राहते. मग टाचेवरची कंडरा सुजते, नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो आणि गृहस्थ तीन महिने लंगडत कचेरीत जातो. म्हणून अंतर वाढवावयाचे ते सावकाश, आणि काही आठवडे वाढवले की एक आठवडा मुद्दाम कमी करावयाचे, हा नियम अनुभवी शिक्षक सांगतात. बहुतेक दिवशी इतक्या मंद गतीने धावावे की सोबत्याशी सरळ वाक्यांत बोलता येईल; आठवड्यातून एक दिवस वेगाचा, एक दिवस लांब पल्ल्याचा, आणि निदान एक दिवस पूर्ण विश्रांतीचा. मंद धावणे हे तरुणाला कंटाळवाणे वाटते. प्रौढाला ते अपमानास्पद वाटते, आणि तेच अधिक अवघड आहे. पुढून शाळकरी पोरगा निघून जातो आणि आपण मुद्दाम मागे राहावयाचे, याला पायांपेक्षा स्वभावाची कसरत अधिक लागते.

वय वाढते तसा स्नायूंचा भार घटत जातो, तो थांबविण्यास नुसते धावणे पुरत नाही. येथे आपल्या तालमींची आठवण होते. दंड आणि बैठका यांना आज नव्या व्यायामशाळांतून परदेशी नावे मिळाली असली, तरी मांड्यांना जोर आणणारी बैठक ती बैठकच. महागडे बूट आणि मनगटावरची ठोके मोजणारी घड्याळे यांच्यावर खर्च होणाऱ्या रकमेच्या मानाने हा व्यायाम अगदीच फुकट आहे, आणि कदाचित म्हणूनच उपेक्षित आहे. हवेचेही तसेच. कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसलेल्या जबलपुरात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे सहज जातो. तेव्हा सूर्योदयानंतरची धाव म्हणजे शरीरावर दुहेरी कर. स्नायूंकडे जावयाचे रक्त त्वचा थंड ठेवण्याकडे वळते. पावसाळ्यात ऊन नसते, पण दमट हवेत घाम वाळत नाही. जो गृहस्थ जानेवारीतला वेग जूनमध्ये मागतो, तो स्वतःच्याच शरीरावर अन्याय करतो.

आता शर्यतीचे पाहू. शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, यावर लांब पल्ल्याच्या धावपटूची शक्ती मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. बैठी माणसे तिशीनंतर दर दशकाला या शक्तीचा सुमारे दहावा हिस्सा गमावतात. नेटाने सराव चालू ठेवणाऱ्यांत ही घट जवळजवळ निम्म्यावर येते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. घट थांबत नाही; उतार सौम्य होतो, इतकेच. पण त्या सौम्य उतारावरही केवढी मजल मारता येते याचे उदाहरण म्हणजे न्यूझीलंडचा जॅक फॉस्टर. 1932 मध्ये इंग्लंडात जन्मलेला हा मनुष्य मूळचा सायकलस्वार. बत्तिशीत तो प्रथम धावावयास निघाला तो सहलीच्या वेळी, बायकोला मोटारीजवळ बसवून. पाचसहा मैल झाले असे समजून, धापा टाकीत तो परतला, तेव्हा तिने विचारले की काही विसरलात का? तो गेल्याला सात मिनिटे झाली होती. तोच फॉस्टर 1972 च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये चाळिसाव्या वर्षी मॅरेथॉनमध्ये आठवा आला, आणि 1974 मध्ये ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, एकेचाळिसाव्या वर्षी, 2 तास 11 मिनिटे 19 सेकंदांत धावून त्याने रौप्यपदक मिळवले. चाळिशी उलटलेल्यांतील तो विक्रम पुढे कित्येक वर्षे अबाधित राहिला. म्यूनिकच्या त्याच शर्यतीत इथिओपियाचा मामो वोल्डे चाळिसाव्या वर्षी तिसरा आला होता. त्याआधी चार वर्षे, मेक्सिकोत, तो सुवर्णपदकाचा मानकरी होता.

याहून विचार करावयास लावणारी तुलना महाराष्ट्राच्या सीमेवरच सापडते. बेळगावचा फडेप्पा चौगुले हा तरुण 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणाऱ्या खेडुतांना पाहून दोराबजी टाटांच्या मनात भारताचा संघ पाठविण्याची कल्पना आली आणि त्या पहिल्या संघात चौगुले निवडला गेला. परक्या थंड हवेत त्याने 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत शर्यत पुरी केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. ही गोष्ट आपल्याला अभिमानाची वाटते आणि ती वाटावीच. आता दुसरे नाव घ्यावयाचे ते कॅनडाच्या एड व्हिटलॉकचे. हा निवृत्त इंजिनीअर तारुण्यात धावत असे. मग अनेक वर्षे त्याने धावणे सोडले आणि चाळिशीत पुन्हा धरले. 2004 मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, टोरंटोला त्याने मॅरेथॉन धावली ती 2 तास 54 मिनिटे 48 सेकंदांत. अँटवर्पचे अंतर आजच्या मापापेक्षा साडेपाचशे मीटर अधिक होते हे जमेस धरूनही, ऑलिंपिकमधील एकोणिसावा तरुण आणि चौऱ्याऐंशी वर्षांनंतरचा हा वृद्ध यांच्यात थोड्याच मिनिटांचे अंतर उरते. चौगुलेचा मोठेपणा याने तिळभर कमी होत नाही. त्याच्याजवळ आजचे शास्त्र नव्हते. व्हिटलॉकजवळ तरी काय होते? मिल्टन गावातील घराजवळच्या स्मशानभूमीत तो रोज फेऱ्या मारीत असे, कधी दोन तास, कधी तीन तास. तेथे मोटारी नसत आणि कोणी टोकत नसे, एवढीच त्या जागेची सोय. 2016 मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षीही तो चार तासांच्या आत मॅरेथॉन धावला, आणि 2017 मध्ये वारला.

प्रौढांच्या शर्यतींना आता रीतसर व्यवस्था लाभली आहे. त्यांची पहिली जागतिक स्पर्धा 1975 मध्ये टोरंटोला भरली आणि 1977 मध्ये आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. पस्तिशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट पाडलेले असतात. यातून एक मौजेचा प्रकार घडतो. एरवी वाढदिवस टाळू पाहणारा माणूस पंचेचाळिसावा किंवा पन्नासावा वाढदिवस आतुरतेने मोजू लागतो, कारण त्या दिवशी तो आपल्या गटातला सर्वांत म्हातारा न राहता नव्या गटातला सर्वांत तरुण होतो! आपल्याकडे मुंबईची मोठी मॅरेथॉन 2004 मध्ये सुरू झाली, साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉन 2012 मध्ये. या दोन्ही ठिकाणी केस पिकलेल्या धावकांची गर्दी पाहिली म्हणजे गोहलपुरचा आपला गृहस्थ एकटा नाही याची खात्री पटते.

तथापि या गर्दीला एक सावध शब्द सांगणे भाग आहे. अमेरिकेचा जिम फिक्स पस्तिशीत धावू लागला. तोवर तो लठ्ठ होता आणि सिगारेटी ओढीत असे. दोन्ही गोष्टी त्याने सोडल्या, आणि 1977 मध्ये धावण्यावर असे एक पुस्तक लिहिले की लक्षावधी लोक रस्त्यावर आले. 20 जुलै 1984 रोजी, बावन्नाव्या वर्षी, रोजची धाव चालू असतानाच तो कोसळून मेला. त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या जागोजाग तुंबलेल्या आढळल्या. त्याचे वडीलही त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. धावण्याच्या टीकाकारांना आयते कोलीत मिळाले. परंतु त्याच वर्षी सिएटलच्या परिसरातील हृदयघातांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याने दोन्ही बाजू दाखवल्या. जोराचा व्यायाम चालू असताना हृदय बंद पडण्याचा धोका तेवढ्यापुरता वाढतो, हे खरे. पण नियमित व्यायाम करणाऱ्यांचा एकूण धोका बैठ्या माणसांच्या सुमारे 40 टक्केच असतो. फिक्सने काय गमावले आणि काय कमावले याचा हिशोब म्हणून एका वाक्यात मांडता येत नाही. वडिलांपेक्षा तो नऊ वर्षे अधिक जगला. मात्र भारतीयांना हा विकार इतर अनेक देशांतील लोकांपेक्षा काही वर्षे आधीच गाठतो. तेव्हा घराण्यात हृदयविकार असेल, रक्तदाब वा मधुमेह असेल, तर शर्यतीचे नाव घालण्यापूर्वी डॉक्टरांकडे जाणे हा भित्रेपणा नव्हे. धावताना छातीत दडपण आले, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर त्याच क्षणी थांबावे. शर्यतीच्या शेवटच्या किलोमीटरला हे सुचत नाही, म्हणून आधीच ठरवून ठेवावे.

येथवर ज्यांचा उल्लेख झाला ते सारे हौसेने धावले. बारामतीच्या लता भगवान करे यांची गोष्ट निराळी. मजुरी करून पोट भरणाऱ्या, साठी ओलांडलेल्या या बाईंचे पती आजारी होते आणि तपासण्यांना पैसा नव्हता. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांसाठी तीन किलोमीटरची धाव होती आणि तिला रोख बक्षीस होते. नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी, त्या तरुणपणी कधी न केलेल्या कामाला उभ्या राहिल्या आणि पहिल्या आल्या. पुढील वर्षांतही त्यांनी ती शर्यत जिंकली. ना गटांचे कोष्टक, ना ठोके मोजणारे घड्याळ. शेतात राबलेले पाय, हाच त्यांचा सराव. प्रौढ वयातील धावण्यावर बोलणारे बहुतेक जण, शिक्षक असोत वा डॉक्टर, ज्याच्याजवळ सकाळचा एक तास मोकळा आहे अशाच माणसाला उद्देशून बोलत असतात, ही त्या साऱ्या उपदेशाची मर्यादा या एका शर्यतीत उघडी पडते. 2020 मध्ये त्यांच्या जीवनावर त्यांच्याच नावाचा मराठी चित्रपट निघाला, आणि सदुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. पडद्यावर लुगड्याचा काचा मारून धावणारी स्त्री कोणी नटी नव्हे. ती भूमिका लताबाईंनी स्वतःच केली आहे.